ग्यानबाचे दोन शब्द

माया मामाच्या गावी एका लग्नात भाषणं इतके चालले, इतके चालले, का मांडवात उभ्या उभ्या नवरदेवाले दाढी आली. न्हाव्याले बोलवा लागलं. न्हावी येईपर्यंत मांडवाच्या बल्ल्याइले पानं फुटले. हसू नका, बल्ल्या पांगाऱ्याच्या होत्या. पांगारा कुठीबी फुटते.

पण ग्यानबाच्या पोरीच्या लग्नाची गोष्ट तशी नाई. ते मी जशी घडली तशीच सांगते.

ग्यानबा माया पोरगा. सडकेवर मैलकुली होता. शेलूबाजारच्या अलीकडे जो सडकेचा तुकडा हाये, त्याच्यातले खड्डे बुजवाचं, कडेचं गवत छाटाचं, हे त्याचं काम. सरकारी पगार, खाकी सदरा. आन आवाज असा, का जवारीतले पाखरं हाकलाले तो मचाणावर चढला आन एकदा "होऽऽ" केलं, त तिकडे जऊळक्याच्या टेसनावर उभी असलेली गाडी, सिग्नल भेटला समजून निंघून जाये. टेसनमास्तरनं निरोप पाठवला होता, का बाबा, गाडीच्या टायमाले पाखरं नको हाकलू.

बरं, गाडीचं सोडा. पण सडकेच्या त्या टोकाले जीप दिसली आन ग्यानबा ओरडला, त डायवर ब्रेक मारे, हे खरं हाये.

मंग त्याच्या घशात गाठ झाली. अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं नळी घालून पाह्यलं. डाक्तरनं मले बाहेर वऱ्हांड्यात घेतलं आन म्हणे, "बुढीमाय, घरात काई कार्य कराचं असन त करून घ्या." त्याले मी काय म्हणू? मी म्हटलं, "डाक्तरसाहेब, च्या घेता काय?"

त्या दिवसापासून ग्यानबाचा आवाज कमी कमी होत गेला. दिवाळीपर्यंत नुसती हवा राह्यली. कपाशीच्या वाळल्या पराटीत उंदीर फिरावा, तेवढी खसखस. ते फक्त मले समजे. त्याच्या तोंडाशी कान नेला का मले समजे, कारण का बोलणं मीच त्याले शिकवलं होतं.

घरात कार्य म्हणजे एकच. त्याची पोरगी भागिरथा, भागी म्हणू आमी तिले. तिची माय ते लहान असतानाच गेली, मीच वाढवली. भागी शेलूबाजारच्या शाळेत म्याट्रिकले होती. आमच्या वस्तीतली म्याट्रिकपर्यंत पोचलेली पयली पोरगी. मार्चात परीक्षा. आन बापाले तवापर्यंत वेळ हाये का नाई, कोणाले ठाव? म्हणून लग्न पुसाच्या महिन्यात धरलं. गावातले दुसरे लोक म्हणाले, पुसात कायचं लग्न? पण आमी छप्पन साली दीक्षा घेतली तवाच मुहूर्त सोडला. आमाले पूसबी चालते, अमुशाबी चालते.

पोरगा जऊळक्याकडचा, पुंडलिक. गरीब स्वभावाचा. इतका गरीब का त्याले पाणी पाह्यजे असलं तरी तो माठाकडे नुसता पाहे. बाप नाई. माय केशरबाई. आन सगळा कारभार चुलत्याच्या हातात, त्याचं नाव पंजाबराव. या पंजाबरावचा एक शब्द होता, "पाहू."

लग्न ठरवाच्या बैठकीत भागी चौकटीआडून बोलली होती, "लग्न करते मी, पण परीक्षा देते."

पंजाबराव म्हणे, "पाहू."

ग्यानबानं मायाकडे पाह्यलं. आमी दोघंबी समजलो. पाहू म्हणजे नाई.

आता आमच्यातली रीत सांगते. आमच्यात त्रिशरण, पंचशील झालं, हार घातले, फुलं टाकले, का जेवणाच्या आंधी भाषणं होतेत. त्याले म्हणतेत 'दोन शब्द'. माणूस उठते आन म्हणते, मी जास्ती बोलणार नाई, दोनच शब्द बोलतो. मंग जे सुरू होते ते नवरीपर्यंत येता येता भात थंडा होते. पण त्याच्यात एक गोष्ट हाये. तथागताच्या आन बाबासाहेबाच्या फोटोसमोर, सगळ्या समाजादेखत, जो शब्द बोलला जाते, तो मंग फिरवता येत नाई. घरात बोललेलं घरात राह्यते. मांडवात बोललेलं दहा गावात जाते.

म्हणून ग्यानबानं हट्ट धरला का लग्नात लाऊडस्पीकर पाह्यजे. मी म्हटलं, "कायले रे? गाण्याले?" तो मायाकडे पाहून नुसता हसला.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळीच पंजाबराव जीपीत बसून आला. भाषणाइचं ठरवाले. आमच्याकडून ओसरीत दोन जण बसले होते, एक या टोकाले, एक त्या टोकाले. या टोकाले दौलतराव, त्या टोकाले शेषराव. दोघंबी पुढारी. दोघाइचाबी झेंडा निळाच, पण दोघाइचे गट वेगळे. एकाचा दांडा बांबूचा, दुसऱ्याचा सागाचा, मले तर एवढाच फरक दिसे. पण ते एकमेकाच्या घरचं पाणी पीत नव्हते.

पंजाबराव म्हणे, "आमच्याकडून मी बोलीन. तुमच्याकडून कोण?"

"मी," दौलतराव म्हणे.

"मंग मी जेवाले येत नाई," शेषराव म्हणे.

"नको येऊ. भात वाचन."

"ग्यानबाभाऊ, आयकून राह्यले ना तुमी? लग्नघरी मले भाताचं काढून राह्यला हा!"

शेवटी दोघाइनंबी बोलाचं ठरलं. मंग पयले कोण? दौलतराव म्हणे, मी वयानं मोठा, पयले मी. शेषराव म्हणे, पयले मी, माया मांडवातला मान पयला. मंग पंजाबराव सहज बोलून गेला का मोठ्या सभेत मोठा माणूस शेवटी बोलते. झालं! आता दोघंबी म्हणे, मी शेवटी.

मी म्हटलं, "दोघं एकदमच बोला ना. लाऊडस्पीकरवाल्या जगदेवनं दोन भोंगे आणले. एक तोंड इकडे, एक तोंड तिकडे."

"रुख्माकाकू," दौलतराव म्हणे, "तुमाले सगळ्यातच गम्मत दिसते."

तितक्यात ग्यानबानं काठी आपटली. मी कान नेला. मंग सांगतलं, "ग्यानबा म्हणते का मीबी बोलीन."

पंजाबराव हसला. "ते म्हणतेत का तुमी म्हणता, आजी? गाडी टेसनातून पळवली होती म्हणे यायनं ओरडून. आमच्या जऊळक्यात अजून हसतेत लोक."

"पळालीच होती," मी म्हटलं.

"बरं, पळाली. पण आता त्याइले आवाज कुठी हाये? सभेत बोलाचं म्हणजे छाती लागते."

ग्यानबा उठला. काठी टेकत आंगणात गेला. तिथं शेलूबाजारचा जगदेव चिंचेले भोंगे बांधून राह्यला होता. खाली खुर्चीवर त्याची पेटी, बाजूले जीपीची ब्याटरी, आन एक माईक. ग्यानबानं माईक हातात घेतला, व्हट त्याले टेकवले.

आन चिंचेवरून आवाज आला, "माय, च्या आन."

बाप्पा! काय सांगू. खरखरीत आवाज, पण आवाज! हिरीवरच्या बायाइचे दोर हातातच राह्यले. कोणाचं लेकरू रडत होतं ते थांबलं. भागी घरातून पळत आली, दोन्ही हाताले कणीक. दिवाळीपासून तिनं बापाचा आवाज आयकला नव्हता. ते भोंग्याकडे पाहे, मंग बापाकडे पाहे, मंग पुन्हा भोंग्याकडे.

"बाबा, पुन्हा बोला," ते म्हणे.

"साखर जास्ती," चिंच बोलली.

ओसरीत कोणी हसलं नाई. पंजाबरावनं टोपी काढून पुन्हा घातली. म्हणे, "बोला ना ग्यानबाभाऊ, नाई कोण म्हणते? पण पोरीचा बाप आभार मानते, आन आभार शेवटी असतेत."

मी म्हटलं, "याले पयले बोलू द्या. आजारी माणूस हाये. आभार पयले मानले त काय मांडव पडते?"

"काकू, जेवल्याबिगर ढेकर देतेत काय कोणी?" शेषराव म्हणे. आन दौलतरावनं मान हालवली. जलमात पयल्यांदा दोघाइचं जमलं, ते याच्यावर.

पण मले त्याइचा राग नाई आला तेवढा ग्यानबाचा आला. त्यानंबी मान हालवली. मायाजवळ आला आन खसखसला, "रीत हाये, माय. शेवटी बोलीन. शेवटचंच लोकाइच्या ध्यानात राह्यते."

मी जगदेवले विचारलं, "काय गा, हे ब्याटरी पुरन ना?"

"काकू, जीपीची हाये. दोन लग्न लावन."

त्याच भरवशावर तो दिवसभर गाणे वाजवत बसला.

दुपारी ग्यानबा उन्हात बाजेवर पडला होता. मी त्याच्या पायाले तेल लावत होती. म्हटलं, "काय बोलशीन रे?"

"दोनच शब्द. माया भागीले म्याट्रिकच्या परीक्षेले बसू द्या."

"बस?"

"बस. सगळ्याइच्या समोर. फोटोसमोर. मंग पंजाबरावले पाहू म्हणता येत नाई."

"मंग मीच सांगते ना. मले भोंगाबी लागत नाई."

त्याले हसू आलं, आन हसू आलं का त्याले ठसका लागे. खोकून खोकून डोये लाल झाले. मंग म्हणे, "माय, तू सांगशीन त भागी परीक्षेले हत्तीवर बसून जाईन."

मी त्याच्या पायाले चिमटा काढला. पण मनात म्हटलं, जाऊ दे ना हत्तीवर. काय वाईट हाये?

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. भागी पांढऱ्या लुगड्यात. पुंडलिकच्या सदऱ्याले इस्तरीची घडी तशीच होती. मेणबत्त्या लावल्या, सगळ्याइनं पंचशील म्हटलं. ग्यानबाचे व्हट हालत होते. हार झाले, फुलं पडले. उन्हं तवा डोक्यावर होते.

मंग भाषणं.

पयले दौलतराव उठला, चिठ्ठ्या टाकून तसं ठरलं होतं. "मी दोनच शब्द बोलतो," म्हणे. आन कलिंगाच्या लढाईपासून सुरू झाला. मी बायाइत बसली होती. मांडवाच्या कडेले जगदेव होता, तिथं सरकत सरकत गेली. कारण का मायं ध्यान भोंग्याकडे होतं. भोंगा नाकात बोलाले लागला होता.

"जगदेव, हा आवाज असा काहून येऊन राह्यला?"

"त्याइचा आवाजच तसा हाये, काकू."

"मी त्याचं पाळण्यात नाव ठेवलं तवापासून वळखते, लेका. त्याचं नाक चांगलं हाये."

जगदेवनं वायर हालवली, ब्याटरीले हात लावला. आन त्याचं तोंड उतरलं. मायाकडे पाहेच ना. म्हणे, "थोडे कमी बोलले सगळे, त पुरन."

सगळे कमी बोलतीन! असे पुढारी अजून जलमाचे हायेत.

मी काय केलं, वाकत वाकत दौलतरावच्या मांगं गेली. त्याच्या कानात म्हटलं, "दौलत, वर चिंचेवर आग्यामोहोळ हाये. भोंग्यानं माशा उठून राह्यल्या. बस कर, नाईतर सगळा मांडव सुजन."

मले वाटलं घाबरन. त्यानं वर पाह्यलं. मंग माईकमंदी म्हणे, "बंधूभगिनीहो, आमच्या रुख्माकाकू म्हणतेत का वर मधमाशा उठल्या!" सगळा मांडव हसला. आन तो म्हणे, "मधमाशीवरून आठवलं. मधमाशीचं संघटन पाहा!" आन मधमाशीचं संघटन त्यानं असं लांबवलं, असं लांबवलं, का खऱ्या माशा असत्या त कटाळून उडून गेल्या असत्या.

मंग शेषराव. दौलतराव जितकं बोलला त्याच्याहून कमी बोलला असता त त्याच्या गटाचं नाक कापलं असतं. तो बोलत होता तवा मी ग्यानबाकडे पाह्यलं. त्याले खुर्ची दिली होती, आंगावर शाल. गळ्यावर हात ठेवून बसला होता, जसं काई आत पाखरू हाये आन ते उडून जाईन. त्यालेबी समजलं होतं. भोंग्याचा आवाज आता माठात बोलल्यावानी येत होता.

मी पंजाबरावजवळ गेली. आता मी काईच फुगवलं नाई. हात जोडले. म्हटलं, "पंजाबराव, ब्याटरी सरून राह्यली. तुमी नंतर बोला. आंधी माया पोराले बोलू द्या. दोनच शब्द हायेत त्याचे, खरे दोन."

"आजी, मोहोळ गेलं काय?" तो म्हणे.

"मोहोळ नव्हतं. ब्याटरी हाये."

"पाहू," तो म्हणे, आन टोपी नीट करून माईककडे गेला.

जाणून केलं का रीत म्हणून केलं, देव जाणे. म्हणजे कोणीच जाणे ना, देव त आमी सोडला. पंजाबरावनं पयले स्वताचे दोन शब्द बोलले. मंग आपल्या जावयाले उठवलं. मंग सरपंचाले. मंग मास्तराले. मंग पुन्हा स्वता उठला, म्हणे एक गोष्ट सांगाची राह्यली. उन्हं मांडवाखालून आत यायले लागले होते. लेकरं भुकेनं मायाइचे पदर ओढत होते. बुंदीवर माश्या बसल्या होत्या, खऱ्या. आन पंजाबरावच्या बोलण्याच्या मधातच भोंगा एकदा किर्र झाला, आन गेला.

पंजाबराव थांबला नाई. त्यानं माईक बाजूले केला आन तसाच बोलला. शेवटच्या माणसापर्यंत त्याचा आवाज गेला. तवा मायाइतकं कोणाले लागलं नसन. त्याले भोंगा लागतच नव्हता. दौलतराव, शेषराव, जावई, सरपंच, कोणालेच लागत नव्हता. सगळ्या मांडवात ज्याले लागत होता तो एकटा ग्यानबा.

"आता आभाराचं," पंजाबराव म्हणे, "त भोंगा बंद पडला, ग्यानबाभाऊची तब्येत तुमाले ठावच हाये. आभार मानले असं समजा. चाला, पंगती बसवा."

लोक उठाले लागले. ग्यानबाबी उठला. माईकजवळ गेला. त्याच्यावर बोट आपटलं. पोकळ, काई नाई. तरी त्यानं व्हट लावले आन बोलला. मी पाह्यलं, व्हट हालून राह्यले, आन कोणालेच काई आयकू नाई. पत्रावळी वाजत होत्या, त्याचा आवाज जास्ती होता.

मंग मले राहवलं नाई. मी पदर खोचला आन ओरडली, "खाली बसा सगळे!" माया पोराले जो आवाज होता तो त्याले कोणाकडून आला होता? बसले सगळे. मी म्हटलं, "ग्यानबा म्हणते, माया भागीले म्याट्रिकच्या परीक्षेले बसू द्या. फोटोसमोर म्हणते. आयका."

पंजाबराव हसला. रागात नाई हो, चांगला हसला, हे जास्ती वाईट. म्हणे, "आजी, आंधी त्या मधमाशा तर दाखवा. मंग परीक्षेचं बोलू."

आन मांडव हसला. आमचेच लोक हसले, माया हातचं खाल्लेले. आन मायं बोललेलं जे होतं, ते त्या हसण्यात गेलं. आता ते दहा गावात गेलं असतं तर मधमाशाच गेल्या असत्या, परीक्षा नाई.

दौलतराव उठला. "ग्यानबाच्या वतीनं मी सांगतो."

शेषराव उठला. "काहून? मी सांगतो."

"तू त्याचा कोण लागतं?"

"तू कोण लागतं?"

ग्यानबानं काठी आपटली. दोघाइले हातानं बसवलं. मी पुढे झाली, त त्यानं मलेबी हातानं बाजूले केलं. हळूच केलं, पण केलं. माया पोरानं. मंग बोट करून भागीले बोलावलं.

नवरी होती ते. गळ्यात हार, मान खाली. नवरीनं मांडवात तोंड उघडाची तवा रीत नव्हती. तिनं पयले मायाकडे पाह्यलं. मंग उठली. ग्यानबानं तिच्या खांद्यावर हात टाकला, तिच्या कानाशी तोंड नेलं, आन बोलला.

दोन शब्दाइले जेवढा वेळ लागते त्याच्याहून जास्ती लागला. तिचं तोंड पाहता पाहता मले वाटलं, हा काय सांगून राह्यला? मले सांगतलं त्याच्यात एवढं काय होतं?

ते उभी होती. मंग काई तरी पुटपुटली.

"आयकू येत नाई!" मांगून कोणीतरी म्हणे.

तवा तिनं मान वर केली. म्हणे, "बाबा म्हणतेत, माया भागीले म्याट्रिकच्या परीक्षेले बसू द्या." तिथं थांबली. गळ्यातला हार मुठीत धरला. म्हणे, "मी तवा राहणार नाई. म्हणून आज सांगून राह्यलो."

हे दुसरं त्यानं मले सांगतलं नव्हतं. वस्तीत सगळ्याइले ठाव होतं, मले ठाव होतं, तिलेबी ठाव असन. पण कोणी तिच्यासमोर बोललं नव्हतं. आन ते बापानं तिच्याच तोंडून बोलवून घेतलं. भागी रडली नाई. आवाज कापला नाई. बापाचं काम होतं, ते करून राह्यली होती.

मांडवात पत्रावळ वाजली नाई. पंजाबरावच्या तोंडावरचं हसू तसंच राह्यलं, त्याले ते काढता येईना. मंग म्हणे, "बरं बरं. नवरीले बसवा. परीक्षेचं काय, पाहू..."

"पाहाचं काय त्याच्यात, भाऊजी?"

बायाइतून आवाज आला. केशरबाई, पुंडलिकची माय. दिवसभर डोक्यावरचा पदर हालला नव्हता तिचा. आताबी ते उठली नाई, बसल्या जागी म्हणे, "आयकलं ना सगळ्याइनं?"

मंग आमच्या वस्तीतली एक बुढी म्हणे, "आयकलं." मंग दुसरी. मंग बायाइची सगळी बाजू. माणसाइच्या बाजूनं पयला शेषराव म्हणे, "आयकलं," आन तो म्हणाला म्हणून दौलतराव त्याच्याहून मोठ्यानं म्हणे. एक मीच तेवढं म्हटलं नाई.

पुंडलिक काईच बोलला नाई. मले त्याचा राग आला तवा. मंग पाह्यलं, त भागीच्या हारातले फुलं मुठीत चुरडून खाली पडत होते, आन तो वाकून एक एक उचलून राह्यला होता.

पंजाबराव हो म्हणालाच नाई. "चाला, पंगती," म्हणे. लोक जेवले. भात थंडा होता.

ग्यानबा खुर्चीत बसून होता. मी त्याच्यासमोरून दोनदा गेली, त्याच्याकडे न पाहता. मले बाजूले केलं ना त्यानं! तिसऱ्यांदा गेली त त्याचे व्हट हालले. मी कान नेला.

"माय, च्या आन," तो म्हणे.

आता चिंच बोलली नाई. मले एकटीलेच आयकू आलं. मी म्हटलं, "साखर जास्ती?" त्यानं मान हालवली.

होळीच्या आंधी गेला तो.

परीक्षेच्या दिवशी मी सकाळपासून शेलूबाजारच्या सडकेवर जाऊन बसली. जीपी येत, जात. कोणी सांगतलं नव्हतं का ते येईन. पंजाबरावचा काई निरोप नाई, पुंडलिकची चिठ्ठी नाई. सडकेत ग्यानबाच्या तुकड्यात एक नवा खड्डा पडला होता, त्याच्यात प्रत्येक गाडी आदळे, आन प्रत्येक वेळी मी उठून उभी राहे. उन्हं चढले. शाळेची घंटा व्हाले आली.

मंग एक जीप आदळली आन थांबली. मांगून केशरबाई उतरली, हातात भाकरीचं गठुडं. ते मले म्हणे, "आजी, लवकर चाला, हे पोरगी रस्ताभर बोलली नाई काई." तिच्या मांगून भागी उतरली. कपाळाले धूळ. मायाकडे पाह्यलं आन शाळेकडे पळाली.

परीक्षा चालू होती तवर आमी दोघी भिंतीबाहेर बसलो. केशरबाईनं भाकर काढली, मले खाववली नाई.

नंतर वस्तीत सगळ्या बाया मले विचारत, "रुख्माबाई, पंजाबरावनं पाठवलं कसं? भागी आली कशी?"

मी सांगते, हत्तीवर बसून आली. ग्यानबानं तसंच सांगून ठेवलं होतं.